डोलकाठीची खीळ



आमचं वळसंग सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथून समुद्र बघायला निघालं, तर आधी सांगली-कोल्हापूरचा नाहीतर साताऱ्याचा मुलूख लागतो, मग सह्याद्री, आणि घाट उतरल्यावर कुठं खारा वारा अंगाला लागतो. ज्वारीच्या आणि मागाच्या मुलखातल्या माणसानं शिडाच्या जहाजांवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आजची गोष्ट आपल्या चांगल्या ओळखीची आहे. यंत्रमाग बंद पडतो, तेव्हा त्याची चौकट सहसा शाबूत असते. धोट्याला फटका देणारा पिकर झिजलेला असतो, एखादा पट्टा ढिला झालेला असतो, एखादा नट निखळून खाली पडलेला असतो. मग जॉबरला हाक जाते. तो येतो, मागाचा आवाज कान देऊन ऐकतो, लहानसा तुकडा बदलतो आणि माग पुन्हा बोलू लागतो. बैलगाडीचंही तसंच. आखाच्या टोकाला चाक अडवून धरणारी खीळ निसटली, की धष्टपुष्ट बैल आणि सागवानी चाकं असूनही गाडी आडवी होते.

जहाजाच्या डोलकाठीलाही अशा खिळी असतात. त्या झिजतात, हरवतात आणि भर समुद्रात बदलाव्या लागतात. जहाज कोणी बांधलं, कोणी चालवलं, कोणत्या लढाईत ते जिंकलं, हे इतिहासात लिहिलेलं सापडतं. डोलकाठीवर चढून ती खीळ बदलणाऱ्याची नोंद मात्र फारशी सापडत नाही. आज त्याच्याविषयी थोडं बोलू.

आधी डोलकाठी उभी कशी राहते ते पाहू. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात. तो उंच ध्वज पेलणारा माणूस पावलागणिक तोल सांभाळत असतो. डोलकाठीचं तसंच आहे. झाडासारखी मुळं तिला नसतात. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दोर किंवा तारा तिला ताणून धरतात. आजच्या नौकांवर या तारा न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचा पेच असतो. हा पेच आणि नौकेचं अंग यांना जोडणारी एक पिन असते. ती पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात दोन पायांची एक बारीक पिन घालून तिचे पाय वाकवतात. आपले गॅरेजवाले तिला स्प्लिट पिन म्हणतात. बोटाएवढीही नसते ती. सगळ्या जहाजात तिच्याहून स्वस्त वस्तू शोधून सापडायची नाही.

आता नौका लाटांवर डुलू लागली की काय होतं बघा. वाऱ्याच्या बाजूच्या तारा ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या ढिल्या पडतात. पुढच्या लाटेला पुन्हा ताण, पुन्हा ढील. दिवसरात्र, हजारो वेळा. पिनेचं गोल भोक हळूहळू लांबट होतं. बारीक पिनेचे वाकवलेले पाय तुटतात. मग मोठी पिन आपल्या जागेवरून केसाकेसानं सरकू लागते आणि एखाद्या रात्री बाहेर पडते. एक तार सुटली की तिचा भार बाकीच्यांवर जातो. वारा जोराचा असेल, तर डोलकाठी मोडायला क्षणही पुरतो.

म्हणून जाणता खलाशी वादळाची वाट पाहत नाही. तो रोज नौकेवर फेरी मारतो. तारेवरून कापडाची चिंधी फिरवतो. तारेचा एखादा पदर तुटलेला असेल, तर डोळ्यांना दिसण्याआधी चिंधी तिथं अडकते. सुतातला तुटका तंतू विणकराच्या बोटाला कळतो, तसंच हे. शीड वर चढवायचा दोर डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीवरून जातो आणि रोज एकाच जागी घासतो. त्यासाठी खलाशांची जुनी युक्ती आहे. दोराच्या टोकाचा थोडासा भाग कापून टाकायचा आणि पुन्हा गाठ मारायची. मग घासणारी जागा पुढे सरकते आणि तोच दोर आणखी काही महिने साथ देतो.

वरचं काही बदलायचं असेल, तर मात्र चढावं लागतं. झोपाळ्याच्या पाटासारख्या बैठकीत बसायचं, हत्यारं दोरीनं कमरेला बांधायची, कारण हातातून निसटलेला पाना थेट समुद्रात जातो, किंवा खालच्याच्या डोक्यात. डोलकाठी २५ मीटर उंच आहे असं समजा. नौका २० अंश या बाजूला आणि २० अंश त्या बाजूला कलंडली, तर टोकावरचा माणूस हवेत सुमारे १७ मीटरचा झोका घेतो. एका हातानं डोलकाठीला मिठी मारायची आणि दुसऱ्या हातानं बोटाएवढी पिन बारीक भोकात घालायची, असं ते काम आहे.

पूर्वी हे असं नव्हतं. आपल्या किनाऱ्यावरच्या गलबतांवर, मचव्यांवर तारा नव्हत्या, पेच नव्हते. लाकूड होतं आणि दोर होता. लांब तिरक्या काठीवर बांधलेलं शीड ज्या दोरानं वर चढवायचं, तोच दोर मागच्या बाजूला बांधला की डोलकाठीला मागून ताण देत असे. बाजूचे ताण सोडून वाऱ्याच्या बाजूला नेता येत. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो. तुटला तर गाठ मारायची, घासला तर नवा वळायचा, कप्पी फुटली तर लाकूड कोरून दुसरी करायची. म्हणजे जहाजावरची जवळजवळ प्रत्येक लहान वस्तू जहाजावरच्या माणसाला स्वतःच्या हातानं पुन्हा करता येत होती. त्या जहाजांचं खरं बळ यात होतं, असं मला वाटतं.

दुरुस्तीचा विचार राज्यकर्त्यांनाही सुटलेला नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराला तक्ते, सोट आणि डोलकाठ्या यांसाठी मोठं लाकूड लागतं, ते राज्यातल्या अरण्यातल्या सागासारख्या झाडांचं, परवानगी घेऊन तोडावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं, असं त्यात सांगितलं आहे. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं, पण त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण रयतेनं ती मुलांसारखी वाढवलेली असतात, हेही तिथंच आहे. रयतेच्या झाडांचा विचार आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच्या शेजारीच डोलकाठ्यांची काळजी लिहून ठेवली आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मोडलेल्या डोलकाठीच्या जागी नवी कुठून आणायची, याची व्यवस्था नसेल तर आरमार म्हणजे नुसता लाकडाचा ढीग, हे त्या कारभाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

आता हे काम करणारी माणसं कोण होती, ते भाषेला विचारू. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्दाच्या मागं लागण्याची खोड आहे. आपला ‘नाखवा’ फारसीतल्या ‘नाखुदा’वरून आला. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. ‘दर्या’ आणि ‘बंदर’ फारसी. ‘सारंग’ही फारसी वळणाचा. ‘खलाशी’ अरबीतून आलेला. ‘आरमार’ पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून. वरच्या शिडाला आपल्या खलाशांच्या बोलीत ‘गावी’ म्हणत, तोही पोर्तुगीज शब्द. ‘डोलकाठी’ आणि ‘शीड’ मात्र आपल्या घरचे. एका जहाजावर एवढ्या भाषा गुण्यागोविंदानं नांदत होत्या. कारण दोर ओढताना कोणाचा शब्द कुठला, हे विचारायला सवड नसते. वेळेवर समजला की झालं. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान सरदार होता आणि १६७९ साली खांदेरीच्या झुंजीत मायनाक भंडारी आणि दौलतखान या दोघांनीही इंग्रजांना झुंजवलं. त्यांच्या हाताखाली भंडारी, कोळी, कोकणी मुसलमान अशी दर्याची सवय असलेली माणसं होती. दोराची गाठ सगळ्यांची एकच होती.

पुढे इंग्रजांची जहाजं आली. त्यांच्यावर कोकणातली, गुजरातेतली, बंगालमधली माणसं खलाशी म्हणून चढली. इंग्रज त्यांना ‘लस्कर’ म्हणत. डोलकाठीवर चढायचं, शिडं गुंडाळायची, दोर बदलायचे, ही कामं त्यांची. पण हुकूम देणाऱ्या साहेबाला त्यांची बोली समजेना. शेवटी १८११ साली थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्यानं कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी असा नौकानयनाचा शब्दकोशच छापला. दोर, शिडं, डोलकाठ्या यांची नावं आणि जहाजावरचे हुकूम त्यात आहेत. गंमत बघा, शब्द गोळा करणाऱ्याचं नाव पुस्तकावर आहे. ज्यांच्या तोंडून ते गोळा केले, ते सारंग आणि तांडेल त्या पानांत शब्दरूपानंच उरले.

याच परंपरेतली एक गोष्ट विसाव्या शतकातली आहे आणि ती मुंबईत सुरू होते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण १९६० नंतरच्या त्या वर्षांत मुंबईत होता. त्यानं कुलाब्याला ३२ फुटांची एक शिडाची नौका बांधून घेतली. लाकूड सागाचं. सुतार आपल्याकडचे. हत्यारं म्हणजे वाकस आणि दोरीनं फिरवायचा सामता. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. तिचं नाव ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. आणि सुहैल म्हणजे कोणता तारा, ठाऊक आहे? आपण ज्याला अगस्ती म्हणतो तोच. हिवाळ्यात दक्षिणेकडे, क्षितिजापासून फार वर नाही असा, पण अतिशय तेजस्वी. वळसंगच्या माळावरूनही तो दिसतो. अगस्ती उगवला की पाणी नितळतं, असं आपले जुने लोक मानत. सुहैल उगवला की उन्हाळा सरतो, असं अरब मानतात. तारा एकच.

नॉक्स-जॉन्स्टन या नौकेतून १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथंच परतला. ३१२ दिवस. स्पर्धेत उतरले होते नऊजण. पूर्ण करणारा हा एकटा. एकट्यानं, न थांबता जगाला शिडाची फेरी घालणारा हा पहिला माणूस आणि त्याच्या पायाखालची फळी मुंबईच्या सुतारांनी तासलेली. वाटेत नौकेच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागलं, तेव्हा त्यानं समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं. डोलकाठीला शिडाची खालची आडवी काठी जोडणारा धातूचा सांधा मोडला, तोही त्यानं वाटेतच नीट केला. बंदरात शिरून मिस्त्री बोलावण्याची सोय नव्हती. शिरला असता तर स्पर्धेतून बाद. सुहैली परत आली, कारण तिच्यातलं जे मोडलं ते एका माणसाच्या दोन हातांना दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

त्या प्रवासाला ५० वर्षं होत आली, तेव्हा म्हणजे २०१८ मध्ये, तशीच स्पर्धा पुन्हा झाली. नियम असा की, १९६८ साली होती तशीच साधनं वापरायची. आपल्या नौदलातले अभिलाष टॉमी त्यात उतरले. त्यांची ‘तुरीय’ ही नौका सुहैलीच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात भयंकर वादळात ती उलटीपालटी झाली. लाटा १४ मीटरपर्यंत उसळत होत्या. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून ते सुमारे १९०० सागरी मैलांवर होते. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. अशा लाटेपुढे कोणतीही खीळ पुरी पडत नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. माणसानं सगळं नीट केलं तरी समुद्राचं देणं उरतंच.

त्याच स्पर्धेत नोव्हेंबरमध्ये झाँ-लुक वान डेन हीड या ७३ वर्षांच्या फ्रेंच खलाशाची नौकाही लाटेनं आडवी केली. डोलकाठी वाचली. पण बाजूच्या तारा जिथं डोलकाठीला जोडलेल्या असतात, तिथला बोल्ट सुमारे पाच सेंटिमीटर खाली सरकला आणि त्यानं डोलकाठीत चीर पाडली. तारा ढिल्या पडल्या. केप हॉर्न अजून पुढेच होतं. आधी त्यांनी चिलीच्या बंदराकडे वळायचा विचार केला. मग ते स्वतः डोलकाठीवर चढले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तो सांधा बांधूनबुंधून पक्का केला आणि शिडाचा भार कमी ठेवून पुढे निघाले. २९ जानेवारी २०१९ रोजी ते पहिले आले. वर्तमानपत्रांनी वयाचं कौतुक केलं, ते योग्यच. मला त्या बोल्टचं आणि त्यांच्या बोटांचं कौतुक अधिक वाटतं.

टॉमीही पुन्हा उतरले. २०२२ च्या स्पर्धेत ‘बयानत’ नावाच्या नौकेतून निघाले. वाटेत वाऱ्यावर चालणारं सुकाणूचं यंत्र बिघडलं, तेव्हा त्यांनी नौकेतल्या शौचालयाचं दार कापून त्याचे सुटे भाग केले. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकानं परतले. दाराचा तुकडा करून पुढे जाणारा हा माणूस आपल्या जॉबरच्या जातकुळीतला म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडच्या सागर परिक्रमांची कहाणीही इथंच जोडावी लागेल. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. म्हणजे आपल्यासारख्याच समुद्रापासून दूरच्या जागी. भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या नौकेतून जगाची फेरी मारावी, हा ध्यास त्यांचा. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले, वाटेत चार बंदरांना थांबत. एकट्यानं शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. टॉमींनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून न थांबता फेरी पूर्ण केली. न थांबता जायचं म्हणजे सुमारे पाच महिने लागणारी प्रत्येक पिन, प्रत्येक कप्पी, प्रत्येक दोर निघतानाच बरोबर घ्यायचा. नसेल ते स्वतः घडवायचं. नंतर सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जिच्यातून फेरी मारली ती ‘तारिणी’ही दिवाडीचीच. तिची २५ मीटरची डोलकाठी मात्र केपटाऊनमध्ये तयार झालेली.

आता या गोष्टीला एक वळण आलं आहे, ते विणकरांच्या मुलखात सांगायलाच हवं. पोलादाच्या पिना आणि कड्या झिजतात, गंजतात, शिवाय जड असतात. म्हणून अलीकडे नव्या नौकांवर त्यातल्या पुष्कळ वस्तूंच्या जागी दोर आला आहे. डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याचा हा दोर वजनाच्या मानानं पोलादाहून बळकट. धातूच्या कडीऐवजी त्याचा फास आणि गाठ, पेचाऐवजी त्याचे अनेक वेढे. घासलेला दिसला की सोडायचा आणि नवा बांधायचा. कोकणचा तांडेल जे काथ्यानं करत होता, तेच जग आता नव्या धाग्यानं करू लागलं आहे. मधली दीडशे-दोनशे वर्षं आपण लोखंडाच्या भरवशावर होतो, इतकंच.

आणि जुन्या धाग्याचं काय झालं? २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ ही नौका आपल्या नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून ती गोव्यात घडवली. फळ्यांना खिळे नाहीत, त्या काथ्यानं शिवलेल्या आहेत. शिवणारे कारागीर केरळातून आणले, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. आधुनिक साहित्य न वापरता केलेली डोलकाठी टिकेल की नाही, यासाठी नौदलाला गणितं मांडावी लागली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पोचली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्यातला बोच विसरू नका. जी विद्या आपल्या किनाऱ्यावर घरोघर होती, ती चित्रावरून आणि थोड्या उरलेल्या हातांवरून पुन्हा जुळवावी लागली. डोलकाठी कशी होती ते चित्रात दिसतं. तिला बांधणारी गाठ कशी मारायची, हे चित्र सांगत नाही. ते फक्त गाठ मारणारा सांगू शकतो आणि तोही जिवंत असेपर्यंतच.

सोलापूरनं हे जवळून पाहिलं आहे. गिरण्या बंद पडल्या, तेव्हा इमारतींचे फोटो छापून आले, मालकांची आणि संपांची नोंद झाली. मागाचा आवाज ऐकून कोणता भाग झिजला आहे ते सांगणारे जॉबर मात्र एकेक करून निघून गेले आणि त्यांच्याबरोबर त्या भागांची आपल्या बोलीतली नावंही जाऊ लागली. रत्नागिरीच्या, रायगडच्या खाड्यांवर म्हाताऱ्या तांडेलांचं तेच चाललं आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत असा कोणी जुना जॉबर, सुतार, खलाशी असेल, तर एका संध्याकाळी त्याच्याजवळ वही घेऊन बसा. त्यानं कोणते लहान भाग बदलले, त्यांना तो काय म्हणायचा, झिजलेला तुकडा हाताला कसा कळायचा, एवढंच विचारा आणि तो म्हणेल त्याच शब्दांत लिहून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर त्याचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका.